आजीचे ४५ दिवस

१ जुलै २०२४ पासून स्वीडनमध्ये आई किंवा बाप आपल्या संगोपन रजेतले ४५ दिवस आजीआजोबांना देऊ शकतात, आणि त्या दिवसांचा भत्ता आजीआजोबांना मिळतो. देवगडला घरी हे सांगितलं तेव्हा काका पोट धरून हसले. नातवंडं सांभाळायचे पैसे? मग आपल्या वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्या लखपती! आई हसली नाही. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ती माझ्या पुतण्याला पेज भरवत होती. म्हणाली, "मगे माजी बाकी किती झाली ता सांग."

आईबापांचा बर्नआऊट, म्हणजे मुलं सांभाळून पार थकून जाणं, ही काकांच्या मते गोऱ्यांची थेरं. आपल्याकडे माणसं असतात, थकायला सवड कुठे? त्यांचं अगदीच चूक नाही. बेल्जियमच्या मानसशास्त्रज्ञ रोस्काम आणि मिकोलाइचाक यांच्या पुढाकाराने ४२ देशांत झालेली पाहणी २०२१ मध्ये आली. ज्याचं त्याने बघावं अशी रीत असलेल्या पाश्चात्त्य देशांत हा थकवा जास्त दिसला. मला त्यासाठी पाहणी लागली नसती. इथे स्वीडनला, गोथेनबर्गमध्ये, मुलामागे ४८० दिवस रजा आहे, त्यातले ९० बापाने घेतले नाहीत तर बुडतात. मी सात महिने घेतली. आजारी मुलासाठी वेगळी रजा, तिला 'वाब' म्हणतात. फेब्रुवारीत ती इतकी लागते की लोक त्या महिन्याला गमतीने 'वाब्रुआरी' म्हणतात. अशाच एका फेब्रुवारीत दोन्ही मुलं तापाने फणफणलेली, बायको त्यांच्यासोबत आडवी, आणि तिसऱ्या रात्री मी न्हाणीघरात नळ सोडून नुसता उभा होतो. रजा होती, भत्ता होता. "जा, तू जरा पड" म्हणणारं कुणी नव्हतं.

पण देवगडची 'माणसं' म्हणजे नक्की कोण? भाऊ मुंबईत, चाकरमानी. गणपतीला आणि शिमग्याला येतो, पोरांना खांद्यावर बसवतो, जातो. उरते आई, वय अडुसष्ट, आणि आंब्याच्या दिवसांत पेट्या भरायलाही तीच. काका ओटीवर असतात, हे मान्य. स्वीडिश कायद्यातले पैसे मला तितके महत्त्वाचे वाटत नाहीत. (माझ्या आईला ते मिळणारही नाहीत, त्यासाठी इथल्या सरकारी सामाजिक विम्यात नाव लागतं.) मला त्यातला आकडा आवडतो. पंचेचाळीस संपले की आजी म्हणू शकते, झाले माझे. आईला तशी सोयच नाही.

आणि वहिनी. ती कणकवलीला नोकरी करते. गेल्या खेपेला मी तिला आणायला स्टँडवर गेलो, तर देवगडची एसटी समोरून भरून गेली आणि ही बाकावर बसूनच. मला बघून दचकली. "रोज एक सोडते," म्हणाली, "घरात सांगू नका."

सांगितलं नाही. भावाला फक्त विचारलं, पंधरा दिवस येऊन पोरांजवळ एकटा राहशील का?

"गणपतीत येतोच की," तो म्हणाला.