माथेरान फक्त मे महिन्याचं नाही

मुंबईत कुणालाही विचारा माथेरानला कधी गेलेलास, उत्तर ठरलेलं असतं, मे महिन्यात पोरांच्या सुट्टीत नाहीतर जुलैत भिजायला. बाकीचे महिने जणू तो डोंगर बंदच असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की दरवर्षी नवीन हिल स्टेशन शोधण्यापेक्षा एकच डोंगर धरा आणि त्याला सगळ्या ऋतूंत भेटा. आपल्याला तर हे किती सोपं आहे, कर्जत लोकल पकडायची, नेरळला उतरायचं, शेअर टॅक्सीने दस्तुरीपर्यंत, म्हणजे जिथे गाड्या थांबतात तिथपर्यंत जायचं आणि पुढे चालायला लागायचं. अर्ध्या जगाला एवढं जंगल इतक्या जवळ मिळत नाही हो.

पावसापासूनच सांगतो. जूनमध्ये पहिल्या सरी झाल्या की पहाटे उजाडायच्या आधी झाडीतून शीळ ऐकू येते, एखादा पोरगा रमतगमत चालताना अर्धी चाल वाजवतो, सोडून देतो, परत दुसरीच सुरू करतो तशी. नवीन माणसाला वाटतं हॉटेलचा कुणी कामाला येतोय. तो शीळकरी कस्तूर, निळसर काळा पक्षी, ओढ्याकाठी राहतो आणि पावसाळ्यात भरभरून गातो. हिवाळ्यात त्याच वाटेवर तो जवळजवळ गप्प असतो, म्हणजे जो फक्त डिसेंबरात जातो त्याला हा पक्षी इथे आहे हे कळतही नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये लोकांची एकच तक्रार, धुक्यामुळे पॉइंट दिसले नाहीत, पैसे फुकट गेले. अरे पण पॉइंट दिसत नाहीत तेव्हा समोरचं झाड तरी बघा ना! आंब्या-जांभळांच्या खोडांवर बाशिंग नावाचं नेचं असतं, उन्हाळ्यात बघाल तर फांदीला नुसती तपकिरी वाळकी पानं चिकटलेली दिसतात, कुणीही म्हणेल मेलंय. पाऊस लागला की त्याच वाळक्या पानांच्या मधून हिरवीगार लांब पानं वर येतात, आणि ती वाळकी पानं असतात पालापाचोळा धरून ठेवायला, त्यातूनच त्याला खत मिळतं कारण त्याची मुळं मातीत नसतातच. एकाच फांदीवरचं हे नेचं एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये, असं दोनदा बघा, मग मी काय म्हणतोय ते कळेल.

आणि तो लाल चिखल. वर सगळा जांभा, म्हणजे लाल दगड आहे, खाली काळा बसाल्ट. जांभा सच्छिद्र, पाणी पितो आणि सावकाश सोडतो, म्हणून पाऊस थांबल्यावरही कड्याच्या बाजूने झरे पाझरत राहतात.

सप्टेंबरात तेरडा आणि सोनकी फुलतात. कारवी या झुडपाची फुलं बघायला मात्र नशीब लागतं, ती सात-आठ वर्षांनी एकदा सगळी मिळून फुलते, बी टाकते आणि मरते (2016 ला आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात फुललेली ती आठवत असेल बऱ्याच जणांना). न फुललेली कारवीही ओळखायला शिका, तिच्या काठ्यांच्या कुडांवरच या भागातली कितीतरी घरं उभी राहिली आहेत.

आता माझा सगळ्यात आवडता महिना, ऑक्टोबर, ज्याला कुणी विचारत नाही. मुंबईत घामाने जीव जातो तेव्हा वरही दुपारी ऊन असतंच, खोटं कशाला बोलू, पण हवा धुतल्यासारखी असते, प्रबळगड आणि इर्शाळगड इतके स्पष्ट दिसतात की कड्यावरच्या रेघा मोजाव्यात. इर्शाळकडे बघताना मात्र 19 जुलै 2023 ची रात्र आठवतेच, इर्शाळवाडीवर दरड आली ती. जो पाऊस आपण रील करायला बघायला जातो त्याच्याखाली माणसं झोपलेली असतात हे त्या डोंगराकडे बघून विसरता येत नाही. ऑक्टोबरातच वाटेवर आडवी मोठाली सोनेरी जाळी दिसतात, जायंट वुड स्पायडरची, मधोमध तळहाताएवढी मादी आणि कोपऱ्यात तिच्या मानाने चिमुकला नर. काठीने तोडू नका, खाली वाकून जा.

थंडीबद्दल सगळेच लिहितात म्हणून मी सोडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये खालच्या उतारांवर काटेसावर, पांगारा, पळस पेटलेले असतात आणि वर त्याच सुमाराला, कधी जरा पुढे, अंजनी फुलते. अंजनीची फुलं थेट फांदीला लगडतात, बारीक, निळी-जांभळी, आणि गळली की लाल मातीवर निळा सडा. हे बघायला कुणी जात नाही कारण तेव्हा ना सुट्टी ना पाऊस. मे मध्ये मग करवंदं, जांभळं, ती विकणाऱ्या ठाकर-कातकरी बायकांकडून घ्या, भाव करू नका, ती रानात फिरून गोळा केलेली असतात.

हे सगळं शिल्लक आहे कारण वर गाड्या नाहीत. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट इथे चढला, 1907 ला छोटी रेल्वे आली, 2003 ला केंद्राने इको सेन्सिटिव्ह झोन जाहीर केला, आणि आजही दस्तुरीच्या पुढे आपली कार जात नाही. गाडी थेट हॉटेलपर्यंत हवी म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आजारी माणसाला ॲम्ब्युलन्स आहे, वयस्करांना घोडा आहे, दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून छोट्या रेल्वेची शटल आहे. हातरिक्षा मात्र बंद व्हायलाच हव्या होत्या, माणसाने माणसाला ओढत चढावर न्यायचं हे बघवत नाही, 2025 ला सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलं आणि ई-रिक्षा आधी त्या ओढणाऱ्यांनाच द्या असंही म्हटलं, ते मला अगदी पटलं. पण ई-रिक्षा आल्या म्हणून उद्या डांबरी रस्ता, परवा पार्किंग, असं सुरू झालं तर आपणच, मुंबईकरांनीच, आधी विरोध करायला हवा, कारण ही मागणी बहुतेक आपल्यासारख्या पर्यटकांच्या नावावरच केली जाते.

जाणाऱ्यांसाठी थोडं. पावसाळ्यात नेरळ ते माथेरान छोटी रेल्वे बंद असते, अमन लॉजची शटल चालू असते. ग्रिपवाले बूट घाला, लाल चिखल भयंकर घसरतो. माकडांना वेफर देऊ नका, पाकीट परत घरी आणा. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. येत्या ऑक्टोबरात मी जाणार आहे, कुणाला यायचं असेल तर सांगा, चार-पाच जणच जाऊ, सकाळी लवकर निघू.