पायी जाणाऱ्या मुलीचा बाप

आमच्या घरापासून मुलीची शाळा जेमतेम पाऊण किलोमीटरवर आहे. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी घरापासून १ किलोमीटरच्या आत शाळा असावी असे म्हटले आहे, ते बहुधा मुले तेवढे अंतर चालतील या भाबड्या समजुतीने. पुण्यात मात्र १ किलोमीटर हे गाडी काढण्याचे अंतर मानले जाते. मुलगी चौथीत गेली तेव्हा यंदापासून पायी जायचे असे मी जाहीर केले आणि तिचे मन वळवण्यासाठी आरोग्य, पेट्रोल व पर्यावरण अशी मुद्देसूद तयारीही करून ठेवली. ती सगळी फुकट गेली, कारण "चालेल" एवढेच म्हणून ती बूट घालायला बसली.

मन वळवावे लागले ते मोठ्यांचे. "एवढंसं पोर, आणि केवढं ते दप्तर," असे म्हणत आजी त्या दप्तरात थालीपिठांचा डबा कोंबत होती. २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे; आमच्याकडे डबा आणि पाण्याची बाटली आत गेली की धोरण संपते आणि वह्या-पुस्तके बाहेरच असतात.

सोसायटीच्या फाटकाबाहेर पडलो की प्रत्येक स्कूटर आमच्यापाशी थांबू लागली. "बसा, सोडतो" याला "नको, आम्ही मुद्दाम चालतोय" हे उत्तर कोणालाही पटेना. हळूहळू स्वरांत करुणा आली, आणि अखेर तळमजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठून, "नोकरीचं सगळं ठीक आहे ना?" असे अगदी दबक्या आवाजात विचारले.

पादचाऱ्यांसाठी पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी मोकळी असावी असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक आहे. आमच्या पदपथावर आधी विजेची डीपी येते, मग वडापावची गाडी, मग उत्सवानंतर कोणी न उचललेले मांडवाचे बांबू, आणि जिथे खरोखर मोकळी जागा आहे तिथे सिग्नल चुकवणारे दुचाकीस्वार येतात. एकदा तिथेच मागून हॉर्न वाजला. वळून पाहतो तर स्कूटरवरचे एक सद्गृहस्थ, पुढे उभा त्यांचा मुलगा, गणवेश आमच्याच शाळेचा. "अहो, पोरीचा हात धरा की," ते कळवळून म्हणाले, "केवढं ट्रॅफिक आहे!" शाळेच्या दारातली ती भयंकर गर्दी, गर्दीच्या भीतीने मुलांना गाडीवर आणणाऱ्या अशाच प्रेमळ पालकांची असते.

सायकलीचा विषय मी तूर्त पुढे ढकलला आहे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला खरा, पण आमच्याकडच्या सायकल ट्रॅकवर सध्या उसाच्या रसाचे गुऱ्हाळ आहे, आणि रस उत्तम असल्यामुळे तक्रार करायला कोणी धजावत नाही.

मुलीने मात्र माझ्या नकळत प्रचार केला. शेजारच्या तिच्या मित्राने पायी येण्याचा हट्ट धरला आणि त्याच्या वडिलांनी तो पुरवला. आता दोघे गप्पा मारत पुढे चालतात, मी त्यांच्यामागे, आणि माझ्यामागे त्या मित्राचे वडील स्कूटरवर, दोन्ही पाय जमिनीला घासत, पायांशी मुलाचे दप्तर ठेवून, मुलांना कोणाचा धक्का लागू नये म्हणून सतत हॉर्न वाजवत येतात.