‘भाकरीच्या घरात हा आजार नसतो’ म्हणणाऱ्यांना

आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय : ‘न जेवण्याचे आजार ही श्रीमंत, शहरी पोरींची थेरं. एकत्र कुटुंबात ती चालत नाहीत. चाललीच, तर आईने लाडावून ठेवलेली असते. दोन दिवस उपाशी ठेवा, तिसऱ्या दिवशी आपणहून ताट मागेल.’

शेवटचा सल्ला सगळ्यात घातक, म्हणून आधी तो. उपासमारीनेच हा आजार घट्ट होतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. डोक्यात रात्रंदिवस अन्नच, वर उदासी आणि चिडचिड. पुढे पोटभर मिळू लागल्यावरही काहींचा खाण्यावर ताबा राहिला नाही. आणि जी मुलगी जेवून उलट्या काढते, तिच्या रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते. तिला कसले दोन दिवस देता?

श्रीमंत आणि शहरी? फिजी बेटांवर भरलेलं अंग चांगलं मानत. तिथल्या नद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. तेव्हा वजनासाठी उलटी काढणारी एकही शाळकरी मुलगी पाहणीत सापडली नव्हती. १९९८ मध्ये ११.३ टक्के मुलींनी ते कबूल केलं. आपल्याकडे तर तालमीतली पोरंही वजनगटात बसायला पाणी तोडतात. त्यांच्याकडे कोण बघतं?

एकत्र कुटुंबाबद्दल मात्र अर्धं खरं आहे. रोज सगळ्यांनी मिळून जेवणं मुलांना जपतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण पंगतीत काय बोललं जातं? ‘काय गं, सुटलीस की!’ ‘पाव्हणे बघायला येणार, भात कमी कर.’ हळदीकुंकवात, बारशात, लग्नाच्या मांडवात मी हेच ऐकत वाढले. घरच्यांनी वजनावरून चिडवणं हा जोखमीचा घटक आहे, आणि चिडवणारी माणसं जितकी जास्त, तितकं ते जास्त वेळा कानी पडतं. काकू, आत्या, मामी, तुम्ही प्रेमाने म्हणता हे मला ठाऊक आहे. तरी म्हणू नका.

आईवर खापर फोडणं तर अन्यायच. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसतो. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात घडलेल्या उपचारपद्धतीत मुलीला जेवू घालण्याची जबाबदारी आईवडिलांकडेच देतात.

पोरगी जेवली की लगेच मोरीत जाते, पाळी थांबलीये, उन्हाळ्यातही तिला थंडी वाजते, ‘पोट फुगतं’ म्हणून ताट सरकवते, असं दिसलं तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. मानसोपचारासाठी धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था जवळ आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर १४४१६, फोन मोफत.