रकाना कोराच राहतो त्याचं काय? (ताईंच्या कमेंटला उत्तर)

ताई, गरोदर बायकांची सिफिलिसची (म्हणजे गरमी, शरीरसंबंधातून होणारा आणि आईकडून पोटातल्या बाळालाही जाणारा आजार) तपासणी राहून जाते, या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं, आम्ही नर्सा आणि आशाताई घसा कोरडा करून सांगतो, बायकाच पाचव्या-सहाव्या महिन्यात उगवतात, आणि मी शहरात बसून सगळं खापर आरोग्य केंद्रावर फोडलं. "नर्सना पडलेलीच नसते" हे माझं वाक्य वाईटच होतं, काढून टाकलंय, सॉरी.

पण माझ्या वहिनीचं सांगते. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवलं, कार्ड मिळालं, रक्त काढलं, हिमोग्लोबिन लिहिलं, एचआयव्हीचं लिहिलं, व्हीडीआरएलचा, म्हणजे सिफिलिसच्या तपासणीचा, रकाना कोरा. किट संपलंय म्हणे, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी कुणी बघितलं नाही, सातव्यात ओटीभरण करून ती माहेरी गेली आणि तिथल्यांना वाटलं सासरी झालीच असेल. आता यात ती उशिरा कुठे आली?

आणि ती स्वतःहून विचारणार तरी कशी, सिफिलिसमध्ये बऱ्याच जणींना काही त्रासच जाणवत नाही, वर "गरमी" शब्द काढला की सासू आधी सुनेचं चारित्र्य काढते. एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही बोटाला एकदा टोचून वीसेक मिनिटांत सांगणारं किट आहे, रिपोर्टसाठी परत हेलपाटा नको, फक्त ते कपाटात असायला हवं ना!

पॉझिटिव्ह आली तर अजूनच त्रांगडं. इलाज जुनाच, बेंझाथिन पेनिसिलिन, लागण नवी असेल तर २४ लाख युनिटचा एक डोस, कधीची ते माहीत नसेल तर दर आठवड्याला एक असे तीन, आणि बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी सुरू व्हायला हवा, नाहीतर बाळाला पुरेसं संरक्षण मिळत नाही. पोटातल्या बाळापर्यंत इलाज पोचवायला दुसरं भरवशाचं औषधच नाही. पण रिॲक्शनच्या धास्तीने लहान केंद्रावर टोचत नाहीत, तालुक्याला पाठवतात, म्हणजे एसटी, बुडालेली मजुरी, कधीकधी तीन तीन वेळा. नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं, नाहीतर पुन्हा लागण, आणि तो बसलाय ऊसतोडीला कर्नाटकात.

शेजारच्या श्रीलंकेला २०१९ मध्ये डब्ल्यूएचओने सर्टिफिकेट दिलं, आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि सिफिलिस आटोक्यात आणल्याचं. तिथे मिडवाइफ गरोदर बाईच्या घरी जाते. आपल्याकडे आशाताई जातातच की, पण त्यांच्या पिशवीत काय असतं ते तुम्हीच जास्त सांगू शकाल.

तुम्ही उपकेंद्रावर इतकी वर्षं काढलीत म्हणून विचारते, पेनिसिलिन तुम्हाला तिथेच द्यायची परवानगी होती, की वरूनच "पाठवून दे" सांगायचे?