तो एक कोपरा जीव घेणार माझा

चौथा शनिवार वाया गेला. ट्रेलरचा पुढचा डावा कोपरा अजून गोल झालेला नाही. डोकं फिरलंय माझं!

इथे ओहायोत, आमच्या गॅरेजमध्ये, कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची छोटी खोली, बांधतेय. एक्सपीएस, म्हणजे कडक पॉलिस्टायरीन फोमचे २ इंची बोर्ड, ४ बाय ८ फुटांचे, एकमेकांना चिकटवायचे, वरून गोंदात भिजवलेला कॅनव्हास लावायचा आणि रंग द्यायचा. हलका होतो, छोटी गाडीही ओढते. सगळं पटलं म्हणूनच हात घातला. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, "कोपरे तेवढे घासून गोल करून घे." तेवढे? त्या 'तेवढ्या'त माझा महिना गेला!

गोल करायलाच हवेत, मान्य. धारेवर कॅनव्हास नीट बसत नाही, आणि जरा कुठे टेकलं की तिथेच पोचा पडतो. पण मी बोर्ड ४५ अंशांत कापून जुळवलेत, म्हणजे गोंदाची रेघ नेमकी गोलाईच्या माथ्यावर. बोर्ड जोडायचा पॉलियुरेथेन गोंद फुगून फटीबाहेर येतो आणि वाळला की फोमपेक्षा कितीतरी कडक होतो. सँडपेपर फिरवला की फोम भराभर झडतो, रेघ मात्र जागची हलत नाही. दोन्हीकडे चर आणि मधे शेताच्या बांधासारखी उभी ती पिवळट कड! सुरीने तासायला जावं तर तिच्यासोबत फोमचा लचका निघतो. मग लांबी (पुट्टी) भरा, वाळू द्या, पुन्हा घासा. आणि छप्पर, पुढची भिंत, बाजूची भिंत असे तीन बोर्ड जिथे भेटतात, तिथे अशा तीन रेघा एका ठिकाणी. हाच तो डावा कोपरा.

फोमचा तो गुलाबी भुसा तर अंगाला असा चिकटतो की झटकला तरी हटत नाही. केसांत, भुवयांत, मास्कच्या आतसुद्धा.

लचके भरायला तुकडे चिकटवायचे होते म्हणून दुकानात स्प्रेचा गोंद दाखवून स्पष्ट विचारलं, फोमला चालेल ना? चालेल म्हणाले. मारल्या मारल्या मुठीएवढा खड्डा! त्यातल्या सॉल्व्हंटने पॉलिस्टायरीन विरघळतं. विकणाऱ्याला एवढंही माहीत नसावं?

आणि खरा संताप याचा की उपाय साधा होता. सांध्यावर बाहेरच्या कडेपासून इंचभर गोंद लावायचाच नाही. २ इंच त्रिज्येची गोलाई काढताना माथ्यावरचं जेमतेम पाऊण-एक इंच जातं, ते कोरडं असलं की सँडपेपरला नुसता फोमच लागतो. एवढं एक वाक्य आधी सांगायला कुणाची जीभ झिजत होती?

उद्या तो कोपरा करवतीने कापून काढणार आहे. तिथे फोमचा एकसंध ठोकळा बसवीन आणि पहिल्यापासून घासीन. उरलेल्या तीन कोपऱ्यांना तोवर हात लावणार नाही.