सोय नाही म्हणे!

मागच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर महाभारत झालं. मामेबहिणीच्या मुलीला नेव्हीत अग्निवीर व्हायचंय, तेवढंच निमित्त. डोंबिवलीच्या काकांनी लिहिलं, "जा बाळा, पण किनाऱ्यावरचं काहीतरी बघ, जहाजावर मुलींची सोय नसते." त्यावर धडाधड अंगठे. मी इथे लिव्हरपूलला, भांडीबिंडी आवरून फोन हातात घेतला तर एकशेदहा मेसेज.

आता हे सोयीचं कारण काही काकांचं एकट्याचं नाही. सरकारनेही सुप्रीम कोर्टात हेच सांगितलं होतं, रशियन बनावटीच्या जहाजांवर बायकांसाठी बाथरूम नाहीत म्हणून. मार्च 2020 मध्ये कोर्टाने ते काही ऐकून घेतलं नाही, पण काकांपर्यंत निकाल पोचलेला दिसत नाही.

माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर डर्बी हाऊस आहे. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकची लढाई इथल्या तळघरातून चालायची, आता म्युझियम आहे. भिंतभर नकाशा आणि त्याला टेकवलेल्या उंच शिड्या, त्यावर चढून रेन्स म्हणजे नेव्हीतल्या मुली जहाजांच्या जागा बदलायच्या. पण मला जास्त आवडते ती वरच्या मजल्यावरची गोष्ट. 1942 च्या जानेवारीत कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्सने तिथे जमिनीवर लिनोलियम, म्हणजे जाड चटईसारखं आवरण, अंथरून युद्धाचा खेळ मांडला आणि खेळवायला घेतल्या विशीतल्या रेन्स. नेव्हीचे ऑफिसर कापडी पडद्याआड उभे, भोकातून जेवढं दिसेल तेवढंच बघायचं, कारण समुद्रावरही तेवढंच दिसतं. मुली गुडघ्यावर बसून खडूने रेघा ओढायच्या, पाणबुडीची रेघ हिरवी, जी पडद्याआडून दिसायचीच नाही. यातूनच लक्षात आलं की जर्मन पाणबुडी मागून मालवाहू जहाजांच्या ताफ्यात शिरते, टॉर्पिडो मारते, आणि खोल जाऊन ताफा डोक्यावरून जाऊ देते. तिला पकडायच्या डावाला जीन लेडलॉ नावाच्या रेनने नाव दिलं रास्पबेरी. इंग्रजीत जीभ काढून चिडवायच्या आवाजाला रास्पबेरी म्हणतात, म्हणजे हिटलरला वाकुल्या! पुढे अ‍ॅडमिरल मॅक्स हॉर्टन आला, स्वतः पहिल्या महायुद्धात पाणबुडीचा कॅप्टन. खेळात तो पाणबुडी झाला, आणि पडद्यामागून त्याला शोधायला जॅनेट ओकेल नावाची रेन. पाच डाव खेळला, पाचही हरला.

पण म्हणून "बघा, गोरे किती पुढे" असं मी ग्रुपवर लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. रेन्सच्या पोस्टरवरच लिहिलेलं असायचं की तुम्ही भरती व्हा म्हणजे एक पुरुष जहाजावर जायला मोकळा होईल. 1944 मध्ये 74,000 च्या आसपास रेन्स होत्या, युद्ध संपलं आणि बहुतेकींना थँक्यू म्हणून घरी पाठवलं. ब्रिटिश युद्धनौकांवर बायका ड्युटीला जायला लागल्या 1990 मध्ये! पंचेचाळीस वर्षं इथेही सोय नव्हतीच म्हणा ना. उलट आपल्याकडे हे युद्धाशिवाय, भांडून, कोर्टात जाऊन झालं, आणि आयएनएस त्रिंकट या युद्धनौकेची कमांड 2023 मध्ये प्रेरणा देवस्थळींकडे गेली. देवस्थळी, काका! आपल्यातलंच आडनाव.

आणि आपल्याकडेही हे काल सुरू झालेलं नाही. 1945 मध्ये सेकंड ऑफिसर कल्याणी सेन भारतीय नौदलाच्या महिला शाखेकडून इथल्या रेन्सचं काम बघायला आल्या होत्या, स्कॉटलंडमधल्या रोसाइथला त्यांचा फोटो आहे, युनिफॉर्म म्हणजे साडी. मी स्वतः पहिल्या हिवाळ्यात इथे साडी नेसून बस पकडायला गेले होते आणि दुसऱ्या स्टॉपला उतरून घरी आले, त्यामुळे मला त्या बाईबद्दल वेगळाच आदर आहे.

हे सगळं मी काकांना व्हॉइस नोटमध्ये सांगितलं, साडेसहा मिनिटांची झाली. भाचीने लगेच हार्ट टाकलं. काकांच्या दोन निळ्या टिका आल्या, मग बराच वेळ टायपिंग, टायपिंग, आणि शेवटी एवढंच आलं, "पाचही डाव हरला?"