ग्लॅम मेटल बँड काढताय? मग तो असा बुडवा

मागच्या शनिवारी इथे अमेरिकेत, घराजवळच्या एका कॅसिनोत, ऐंशीच्या दशकातल्या एका ग्लॅम मेटल (फुगवलेले केस, मेकअप, चकचकीत कपडे आणि कर्कश गिटारवालं रॉक) बँडचा कार्यक्रम पाहून आलो. नाव लिहीत नाही. तसंही स्टेजवर त्या नावाचं म्हणावं असं कुणी नव्हतंच. तेव्हापासून डोकं भणभणतंय, आणि भणभणत्या डोक्याने करण्यासारखं सगळ्यात सोपं काम म्हणजे लोकांना सल्ले देणं. तर होतकरू मंडळींनो, लिहून घ्या. आदर्श म्हणून लॉस एंजेलिसचा क्वाएट रायट हा बँड समोर ठेवू. चढायचं कसं आणि गडगडायचं कसं, दोन्ही धडे एकाच घरी मिळतात.

पहिलं म्हणजे, हातातलं रत्न वेळीच दुसऱ्याला देऊन टाका. यांच्याकडे गिटारवर रँडी ऱ्होड्स होता. त्याच्यासोबतचे पहिले दोन्ही अल्बम फक्त जपानमध्ये निघाले. अमेरिकेत एकाही कंपनीने दारात उभं केलं नाही. 1979 मध्ये हेवी मेटलचा बडा गायक ऑझी ऑस्बोर्नने त्याला उचललं आणि मग जगाला कळलं हा पोरगा कोण आहे. 1982 मध्ये विमान अपघातात गेला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. यावर टिंगल सुचत नाही, पुढे चला.

केस वाढवा. स्प्रेमध्ये काटकसर नको.

हिट गाणं मात्र दुसऱ्याचं घ्या. निर्माता स्पेन्सर प्रॉफर मागे लागला की ब्रिटिश बँड स्लेडचं 'कम ऑन फील द नॉइझ' करा. गायक केव्हिन डुब्रोला ते नकोच होतं. मग बेत ठरला: तालीम करायचीच नाही, स्टुडिओत गाण्याची पार वाट लावायची, म्हणजे विषय मिटेल. पण ड्रमर फ्रँकी बनालीने काठ्या उचलल्या आणि झकास वाजवलं. गाणं अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. नोव्हेंबर 1983 मध्ये 'मेटल हेल्थ' अल्बमने 'द पोलीस' या ब्रिटिश रॉक बँडला खाली ढकलून बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या अल्बमच्या खपाच्या यादीत पहिला क्रमांक घेतला. हेवी मेटलच्या नशिबी हे पहिल्यांदाच आलं होतं. आठवडाभर राज्य केलं, मग पॉप गायक लायनेल रिचीने खुर्ची काढून घेतली. एकट्या अमेरिकेत साठ लाख प्रती खपल्या. फसलेल्या बेताची इतकी घसघशीत शिक्षा कुणाला मिळत नाही.

यश मिळालं की डोकं बंद करा. 1984 चा पुढचा अल्बम घ्या: त्यातही स्लेडचंच गाणं! लोक काय म्हणतील, ओळखणार नाहीत? ओळखलं. अल्बम पंधराव्या क्रमांकावर अडकला.

आता सर्वात महत्त्वाचं, तोंड. ते बंद ठेवायचं नाही. डुब्रो दिसेल त्या मुलाखतीत दिसेल त्या बँडला झोडपायचा. तुमच्यासाठी दार आम्ही उघडलं, हे त्याचं पालुपद. खोटं नव्हतं हो ते, पण दार उघडणाऱ्याने उंबरठ्यात उभं राहून आत जाणाऱ्या प्रत्येकाला शिव्या घातल्या तर जेवायला कोण बोलावणार? मासिकं उलटली, रेडिओवाले उलटले, शेवटी घरचेही उलटले. 1987 मध्ये त्याच्याच बँडने त्याला काढलं, आणि 1988 चा अल्बम दुसऱ्याच गायकाला घेऊन काढला. विकला गेला नाही हे सांगायला नको.

(नव्वदच्या दशकातल्या ग्रंज या खरबरीत, बिनमेकअपच्या रॉकने ग्लॅम मेटल मारलं म्हणून गळे काढणाऱ्यांसाठी: ग्रंजची लाट आणणारा निर्व्हाना बँडचा 'नेव्हरमाइंड' अल्बम 1991 चा आहे. हे त्याआधीच स्वतःच्या हाताने आडवे झाले होते.)

आणि शेवटचा सल्ला: माणसं गेली तरी नाव सोडू नका. डुब्रो पुढे परत आला, गात राहिला, आणि 2007 मध्ये लास व्हेगासच्या घरात कोकेनच्या अतिसेवनाने गेला. त्याच्याशिवाय क्वाएट रायट कोणत्याही परिस्थितीत होणार नाही, असं बनालीने जाहीर केलं. 2010 मध्ये झाला. त्यानंतर गायक इतक्या वेगाने बदलले की पुढच्या एका अल्बममध्ये एकाचा आवाज रेकॉर्ड करून झाला, तो पुसला, आणि त्याजागी 'अमेरिकन आयडॉल' या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतल्या जेम्स डर्बिनचा भरला. तरी बनालीला मी हसणार नाही. डुब्रोच्या आईची संमती घेऊन त्याने बँड उभा केला, आणि कर्करोग झाल्यावरही जमेल तोवर वाजवत राहिला. 2020 मध्ये तो गेला. त्यानंतर जुना बेसिस्ट रूडी सार्झो तरी परतला. म्हणजे निदान एक माणूस खरा.

मी पाहिलेल्या बँडात तेवढंही नव्हतं. जाहिरातीत चाळीस वर्षांपूर्वीचा फोटो, आणि स्टेजवर त्या फोटोतलं एकही माणूस नाही! गायकाला उंच सूर आला की माइक आमच्याकडे. म्हणजे पैसे आम्ही भरायचे आणि गायचंही आम्हीच. कोरस चालू असताना बेसवाला तोंडाला बाटली लावून घटाघटा पाणी पीत होता, आणि त्याचा आवाज सुरात येतच होता. तिकिटावर सेवा शुल्क, त्यावर सुविधा शुल्क. कसली सुविधा, ते पार्किंगमध्ये अडकल्यावर कळलं. मध्येच गायक ओरडतो, "हे गाणं आम्ही लिहिलं तेव्हा..." आम्ही? अरे, ते लिहिलं तेव्हा तू दुधाच्या दातांचा होतास!

बस झाले सल्ले. लाज वाटत नाही का रे? ज्यांनी व्हॅनमध्ये झोपून, उपाशी राहून हे नाव कमावलं, त्यातले काही मेले, काहींना तुम्ही हाकललं, आणि नावाच्या मालकीचा कागद ज्याच्या कपाटात तो बँड? आणि टाळ्या पिटणारे तुम्ही! कोण वाजवतंय हे एकदा तरी विचारलंत? शेजारच्याला विचारलं तर म्हणतो, काय फरक पडतो, गाणी तीच आहेत ना. गाणीच ऐकायची तर घरी बस की, गाडीत लाव. पोस्टरवर वाजवणाऱ्या माणसांची नावं छापा, ठळक, तिकीट विकायच्या आधी. ते जमत नसेल तर स्वतःचं नवं नाव घ्या आणि एखाद्या बारमध्ये शंभर लोकांसमोर वाजवून दाखवा. रँडी ऱ्होड्स लॉस एंजेलिसच्या स्टारवुड क्लबमध्ये तेच करत होता.